भारद्वाज कसा शोधायचा, कसा ओळखायचा आणि त्याला एवढी नावं का

सोसायटीच्या मागच्या झुडपात मोठा काळा पक्षी होता, पंख तपकिरी, कावळ्यासारखा पण कावळा नव्हता, कुठला असेल? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतोच, सोबत हललेला फोटो, त्यात बरीचशी पानं आणि थोडीशी शेपूट. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, भारद्वाज. मग खाली नावांची रांग लागते, कोणी म्हणतं आमच्याकडे ह्याला कुंभारकावळा म्हणतात, कोणी सोनकावळा, कोकणातला माणूस असला तर कुक्कुडकोंबा नाहीतर कुक्कुडकुंभा, आणि एखादे काका हमखास क्रो फेजंट टाकून जातात. शेवटी खरं नाव कोणतं ह्यावर वाद.

माझं म्हणणं असं की वाद घालूच नका, सगळी नावं एका कागदावर उतरवा आणि तोच कागद घेऊन पक्षी शोधायला बाहेर पडा. ह्या पक्ष्याला नावं देणाऱ्यांनी प्रत्येकाने त्याची एकेक खूण धरलेली आहे, कोणी रंग धरला, कोणी आवाज, कोणी चाल, कोणी राहायची जागा, आणि शास्त्रवाल्यांनी तर थेट पायाचं नख. नाव कळलं की खूण कळते. फक्त भारद्वाज हे नाव ह्यात बसत नाही, त्याची भानगड वेगळी आहे, ती शेवटाकडे सांगतो.

आधी कान, मग डोळे

सुरुवात कुक्कुडकुंभा ह्या नावापासून करा. हे नाव दोनतीनदा मोठ्याने म्हणून बघा, जरा खालच्या आवाजात, कुक्कुड-कुंभा, कुक्कुड-कुंभा. आवाज साधारण असाच आहे. प्रत्यक्षात ऐकू येतं ते कूप-कूप-कूप-कूप किंवा हूप-हूप-हूप, एकामागे एक सलग, खोल, घुमणारं, रिकाम्या माठात तोंड घालून कोणी आवाज काढल्यासारखं. मला विचाराल तर कुंभारकावळ्यातला कुंभार ह्या घुमण्यातूनच आला असावा, काहीजण पंखांच्या भाजलेल्या खापरासारख्या रंगाकडे बोट दाखवतात आणि तेही पटण्यासारखं आहे, पण मी आवाजाच्या बाजूचा. बंगालीत ह्याला कुबो म्हणतात, तेही आवाजावरूनच.

आता हा आवाज ऐकायचा कसा. पहिली गोष्ट म्हणजे यूट्यूबवरचं रेकॉर्डिंग फोनच्या स्पीकरवर ऐकून शिकू नका, आवाज इतका खालच्या पट्टीतला आहे की बारक्या स्पीकरवर त्याचा निम्मा जीव जातो, हेडफोन लावा. दुसरी गोष्ट वेळ, ऊन जरा तापायला लागतं ती सकाळची वेळ आणि मग दुपार कलल्यावर, ह्या दोन वेळांना हा पक्षी जास्त हलतो. आणि तिसरी म्हणजे ऋतू, आपल्याकडे ह्यांची वीण मुख्यतः पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, त्यामुळे त्या दिवसांत आणि त्याच्या थोडं आधीपासून घुमणं भरपूर ऐकू येतं.

अडचण अशी की खालच्या पट्टीतला आवाज लांबवर जातो पण नेमका कुठून येतोय ते कळत नाही, समोरच्या आंब्यावरून आला असं वाटतं आणि पक्षी असतो कुंपणापलीकडच्या घाणेरीत. म्हणून आवाज आला की धावू नका. थांबा. बऱ्याचदा जोडीतला दुसरा उत्तर देतो, दोघांचं एकाआड एक सुरू होतं, आणि त्यात मादीचा आवाज नरापेक्षा जास्त खालचा असतो (मादी आकारानेही किंचित मोठी असते, बाकी रंगाने दोघं सारखेच). दोन आवाज दोन बाजूंनी यायला लागले की मधल्या झाडीवर नजर ठेवायची, आणि एका जागेवरून ऐकून झालं की चाळीसपन्नास पावलं बाजूला सरकून परत ऐकायचं, मग दिशा बऱ्यापैकी पक्की होते. मर्लिन म्हणून पक्षी ओळखायचं अ‍ॅप आहे, त्याचं आवाज ओळखणं चालू ठेवायला हरकत नाही पण अ‍ॅपने नाव दाखवलं म्हणजे पक्षी बघितला असं होत नाही हो.

आणि एक कराल तर बरं, रेकॉर्डिंग मोठ्याने वाजवून त्याला बाहेर बोलवायचं नाही. विणीच्या काळात दुसरा नर आपल्या इलाख्यात आला असं समजून तो घरटं सोडून भांडायला येतो, तुमचा फोटो होतो आणि तिकडे अंडी उघडी पडतात.

कुठे बघायचं

तेलुगूत ह्याला जेमुडुकाकी म्हणतात, काकी म्हणजे कावळा आणि जेमुडु म्हणजे निवडुंग-शेराच्या जातीचं काटेरी झाड. म्हणजे पत्ताच दिलाय नावात. काटेरी कुंपण, निवडुंगाच्या रांगा, घाणेरीची जाळी, बांबूचं बेट, केवड्याचं बन, उसाच्या फडाची कड, खाडीकाठची खारफुटी, जुन्या बंगल्याचं माजलेलं आवार, असल्या गचपणात हा राहतो. मोकळ्या मैदानात उभा राहून आभाळाकडे बघत बसलात तर हा दिसणार नाही, कारण उडण्याचा ह्याला मनापासून कंटाळा आहे. उडतो तेव्हाही चार पंख मारून जमिनीलगत तरंगत जातो आणि समोरच्या झुडपात कोसळतो.

एकदा एखाद्या ठिकाणी दिसला की ती जागा लक्षात ठेवा. दक्षिण भारतात अभ्यासकांनी वीण करणाऱ्या जोड्यांचा वावर मोजलाय तो सरासरी ३.८ हेक्टर, म्हणजे साधारण नऊ एकरांचा निघाला, तेवढ्यातच त्यांचं सगळं चालतं. त्यामुळे आज दिसला आणि उद्या नाही दिसला तर गेला असं समजू नका, तिथेच आहे, आत आहे.

पावसाळ्यात सगळ्यात सोपी संधी म्हणजे रात्रभर पाऊस पडून सकाळी ऊन पडलं की. भिजलेला भारद्वाज झुडपाच्या शेंड्यावर येऊन पंख पसरून बसतो, एकटा नाहीतर जोडीने, आणि बराच वेळ हलत नाही. पंख पसरलेले, त्यावर कोवळं ऊन, आणि मग सोनकावळा हे नाव का पडलं ते कोणी समजावून सांगायची गरजच उरत नाही. एरवी सावलीत तो पंख नुसता विटकरी दिसतो. कन्नडमध्ये केंबूत, मल्याळममध्ये चेंपोत्त, दोन्हीकडे नावाच्या सुरुवातीलाच लाल हा अर्थ बसलाय, म्हणजे त्यांनाही आधी पंखच दिसला. कन्नडमध्ये तर म्हणच आहे की मोर नाचला म्हणून केंबूतानेही पिसं पसरली, आपल्याला न शोभणारी नक्कल करणाऱ्याला मारतात ती. उन्हात पंख पसरून बसलेला भारद्वाज बघितला की ही म्हण कशी सुचली असेल ते कळतं, बिचारा अंग वाळवत असतो आणि लोक मोराशी तुलना करतात.

कावळा म्हणतात पण कावळा नाही

मराठीत कुंभारकावळा, सोनकावळा, तेलुगूत काकी, इंग्रजीत क्रो फेजंट, एवढ्या सगळ्यांनी कावळा म्हटलं तरी कावळ्याचा आणि ह्याचा घराण्याने काहीही संबंध नाही. हा कोकिळेच्या कुळातला. पावशा, चातक, कोकीळ हे सगळे ह्याचे नातेवाईक. फरक एवढाच की ते दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळे होतात, कोकिळा कावळ्याच्या, पावशा सातभाईच्या, आणि भारद्वाज मात्र स्वतः घरटं बांधतो, स्वतः अंडी उबवतो, स्वतः पिल्लं वाढवतो. म्हणजे नावात कावळा, कुळ कोकिळेचं, आणि संसार दोघांच्या मधोमध कुठेतरी.

समोर दिसल्यावर पक्कं करायचं ते असं. लांबी जवळजवळ दीड फूट, ४८ सेंटिमीटरच्या आसपास, त्यात शेपटीचाच वाटा मोठा, काळी, लांब, रुंद. अंग काळं पण मानेवर-छातीवर निळसर जांभळी झाक. दोन्ही पंख आणि त्यांच्यामधली पाठ विटकरी. डोळा लालभडक, गुंजेसारखा, जवळून दिसला तर विसरत नाही माणूस. चोच काळी, जाड, खाली वाकलेली. पहिल्या वर्षाचं पिल्लू असेल तर काळा रंग मळकट, चमक नाही, डोळा लाल झालेला नसतो, तिथे गोंधळ होऊ शकतो पण विटकरी पंख आणि लांब शेपूट ही जोडी तेव्हाही असतेच.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते नर कोकिळेशी, कारण तोही काळा आणि त्याचाही डोळा लाल. त्याचे पंख बघा, सगळे काळेच, चोच फिकट हिरवट, आणि तो उंच झाडाच्या पानांत असतो, जमिनीवर चालताना फारसा दिसायचा नाही. डोमकावळा तर नुसताच काळा. टकाचोर मात्र चकवतो, अंग तांबूस, शेपूट लांब, झाडीत राहणारा, पण त्याचं डोकं काळपट आणि पंखांवर राखाडी पांढरा पट्टा असतो. आणि गंमत अशी की टकाचोर हा खरा कावळ्याच्या कुळातला आहे, त्याला कोणी कावळा म्हणत नाही. गवताळ डोंगरउतारावर भारद्वाजासारखाच पण बराच लहान पक्षी दिसला, अंगावर बारीक फिकट रेषा असलेला, तर तो लहान भारद्वाज, तो वेगळा, आणि तसा कमीच दिसतो.

चाल आणि नख

आता ते क्रो फेजंटवाले काका. फेजंट म्हणजे लांब शेपटीचा, जमिनीवर ऐटीत चालणारा, कोंबडीच्या जातीतला शिकारीचा पक्षी. भारद्वाज पालापाचोळ्यात शेपूट सांभाळत, मान पुढे काढत, पाय मोजून टाकत चालतो तेव्हा लांबून अगदी तसाच वाटतो. ब्रिटिश काळात विलायतेहून नवीन आलेले साहेबलोक हा फेजंट समजून मारायचे आणि शिजवून खायला बसले की तोंड वाकडं करायचे, इतकं वाईट मांस. त्यावरून जुने साहेब ह्याला ग्रिफ्स फेजंट म्हणायला लागले, ग्रिफ म्हणजे ग्रिफिन, त्या काळच्या साहेबी बोलीत हिंदुस्थानात नुकताच आलेला अडाणी गोरा. पक्ष्याच्या नावात पक्ष्यापेक्षा साहेबाचीच टिंगल जास्त.

आपला कुक्कुडकोंबासुद्धा चालीकडे बघतोच. कुक्कुट म्हणजे कोंबडा, कोकणीत कोंबो म्हणजे कोंबडा, म्हणजे आवाजही झाला आणि कोंबड्यासारखी चालही. गावातल्या लोकांनी आणि साहेबांनी एकमेकांना न विचारता एकच खूण धरली.

नखाचं बघायला दुर्बीण लागेल आणि थोडं नशीबही. पायाच्या आतल्या मागच्या बोटाला लांब, जवळजवळ सरळ नख असतं, काट्यासारखं. शास्त्रीय नाव सेंट्रोपस सायनेन्सिस, त्यातलं सेंट्रोपस ग्रीकमधून, केंट्रॉन म्हणजे काटा किंवा टोचणी आणि पूस म्हणजे पाय, काटेपाया. हे नाव इलिगर ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १८११ मध्ये दिलं. पुढचं सायनेन्सिस म्हणजे चीनचा, कारण १८१५ मध्ये स्टीफन्स ह्या दुसऱ्या प्राणिशास्त्रज्ञाने ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो चीनमधल्या निंगबोचा होता. आपल्या परसातल्या पक्ष्याच्या कपाळी चीन लागला तो असा. पक्षी पाकिस्तानपासून दक्षिण चीन, इंडोनेशियापर्यंत पसरलाय, पहिलं वर्णन कुठल्या नमुन्याचं झालं एवढाच तो हिशोब.

हल्लीच्या इंग्रजी पुस्तकांत आणि अ‍ॅपमध्ये ग्रेटर कूकल असं नाव मिळेल, ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंद करताना तेच शोधा, क्रो फेजंट शोधलं तर सापडायला त्रास होईल. कूकल हा शब्द फ्रेंच आहे आणि तो कुकू म्हणजे कोकीळ आणि अलुएत म्हणजे चंडोल ह्या दोन शब्दांची मोळी आहे असं सांगतात, कोकिळेच्या जातीचा पण मागचं नख चंडोलासारखं लांब. परत नखच.

मग भारद्वाज कुठून आला

चंडोल आठवणीत ठेवा, कारण तो इथेही येतो. भरद्वाज म्हणजे आपल्याला आधी आठवतात ते ऋषी, सप्तर्षींमधले, ऋग्वेदाचं सहावं मंडल ज्यांच्या घराण्याचं मानतात ते, आणि भारद्वाज म्हणजे त्यांच्या वंशातला, द्रोणाचार्यांनाही म्हणूनच भारद्वाज म्हणतात. पण संस्कृतात भरद्वाज हे एका पक्ष्याचंही नाव आहे, अमरकोश ह्या जुन्या संस्कृत कोशात व्याघ्राट आणि भरद्वाज ही एकाच पक्ष्याची दोन नावं म्हणून दिली आहेत. आता संस्कृतचे मोठे शब्दकोश उघडा, मोनियर-विल्यम्स वगैरे, तिथे ह्या पक्ष्याचा अर्थ दिलाय चंडोल. आभाळात उंच जाऊन गाणारा तो बारका मातकट पक्षी! कुठे तो आणि कुठे आपला झुडपात धडपडणारा दीड फुटी काळा गडी.

म्हणजे कोशातला भरद्वाज एक आणि मराठी माणसाचा भारद्वाज दुसराच. जुन्या नावांचं असं होतं, नाव पोथीत राहतं, पक्षी बदलतो. त्यामुळे कुठल्याही संस्कृत श्लोकात भरद्वाज दिसला की लगेच हा बघा आपला भारद्वाज असं म्हणून पोस्ट टाकू नका, आणि ऋषींनी ह्या पक्ष्याचं रूप घेतलं वगैरे फॉरवर्ड आले तर ते फॉरवर्ड म्हणूनच वाचा. ऋषींचं नाव मिळालं म्हणून मान मिळाला की आधीच मान होता म्हणून असं वजनदार नाव चिकटलं, हा प्रश्न मला जास्त मजेशीर वाटतो. महाराष्ट्रात सकाळी भारद्वाज दिसणं शुभ मानतात, आमच्याकडे तर गोड खायला मिळतं म्हणायचे, आणि हाच पक्षी दुसरीकडे त्या घुमणाऱ्या आवाजामुळे भुताखेतांशी जोडला गेलाय. आणि केरळात ह्याच्या घरट्यात नीलकोडुवेली नावाची चमत्कारी वनस्पती असते असं मानतात.

असल्या समजुतींचा त्रास पक्ष्याला होतो म्हणून सांगतो. घरट्यात वेल, काटक्या, पानं ह्याशिवाय काहीही नसतं, दाट जाळीत घुमटासारखं छप्पर केलेला खोलगट वाडगा असतो, तीन ते पाच पांढरी अंडी, पंधरा-सोळा दिवस उबवणं, आणि पुढे अठरा ते बावीस दिवसांत पिल्लं बाहेर. क्षयावर, दम्यावर ह्याचं मांस चालतं असाही एक जुना समज आहे, त्याला औषध म्हणून काडीचा अर्थ नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा संरक्षित पक्षी आहे, मारणं गुन्हा. घरटं सापडलं तर लांबून बघा, फांद्या बाजूला करून फोटो काढू नका, आणि ऐन पावसाळ्यात कुंपणाची छाटणी करायचीच असेल तर आधी आत कोणाचा संसार नाही ना बघून घ्या.

बागवाल्यांसाठी एवढंच की हा गोगलगायी, सुरवंट, सरडे, उंदराची पिल्लं, लहान साप सगळं खातो, फुरसं खाल्ल्याच्याही नोंदी आहेत, आणि बिट्टीची विषारी फळंसुद्धा पचवतो. पण कुंडीतल्या बुलबुलाच्या घरट्यातली पिल्लंही उचलतो, तेव्हा उगाच शिव्या देऊ नका, त्यालाही घरी तोंडं भरायची असतात.

तुमच्या गावचं नाव कसं गोळा करायचं

पुस्तकात न आलेली नावं अजून भरपूर आहेत, आणि ती विचारायची पद्धत चुकली की हाती काहीच लागत नाही. आजीला किंवा शेतावरच्या मामांना जाऊन भारद्वाजाला तुमच्याकडे काय म्हणतात असं विचाराल तर उत्तर येतं, भारद्वाजच की. तुम्हीच नाव दिलंत ना. त्याऐवजी नाव न घेता विचारा, तो काळा, तांबड्या पंखांचा, कुंपणात चालणारा, घुमणारा पक्षी असतो बघा, त्याला काय म्हणता? नाहीतर फोटो दाखवा, आणि फोटो असा दाखवा ज्यात पंख नीट दिसतोय, काळा पक्षी असल्याने फोनचा कॅमेरा त्याला नुसती सावली करून टाकतो, फोटो काढतानाच स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवायचा.

नाव सांगितलं की ते जसं ऐकलं तसं लिहा, कुकुडकोंबा सांगितलं तर कुक्कुडकोंबा असं शुद्ध करायला जाऊ नका. सोबत गाव, तालुका, सांगणाऱ्याचं साधारण वय, आणि मुख्य म्हणजे त्यांना विचारा की असं का म्हणतात. कोणी आवाज काढून दाखवेल, कोणी पंखाचा रंग सांगेल. परवानगी घेऊन तेवढं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आवाज काढून दाखवला असेल तर ते लिहून उतरवताच येत नाही. शेवटी पडताळणी म्हणून टकाचोराचा आणि कोकिळेचा फोटोही दाखवा, तिन्हींना एकच नाव आलं तर सांगणाऱ्याचा पक्षी नक्की कोणता ते परत विचारायला लागेल, वेगवेगळी नावं आली तर लिहून टाका आणि पुढच्या घरी जा.